घरातली लाईट बिघडली: आधी काय तपासायचं, कुठं थांबायचं आणि वायरमनला कधी बोलवायचं

आपला नेहमीचा विषय म्हणजे दुकान, हिशोब आणि गिऱ्हाईक. आजचा धडा थोडा वेगळा वाटेल, पण आपल्यातल्या निम्म्या लोकांचं दुकान घरातच आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, ओसरीवर घरघंटी, जिन्याखाली डीप फ्रीजर. घराची लाईट गेली की धंदाही बंद होतो. आणि वायरिंगमध्ये चूक झाली तर नुसता धंदा नाही, घरातला माणूस जातो. म्हणून हा धडा शांतपणे वाचा, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या काउंटरवर दोन प्रकारचे लोक रोज येतात. पहिला प्रकार: नुसता एमसीबी पडलेला असतो, पण वायरमनला फोन केलेला असतो. वायरमन येतो, एक बटन वर करतो आणि येण्या-जाण्याचे पैसे घेऊन जातो. दुसरा प्रकार: बोर्ड गरम होतोय, जळका वास येतोय, आणि दादा स्वतःच पेचकस घेऊन बोर्ड उघडतात. पहिल्याचे पैसे जातात, दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. दोघांनाही एकच गोष्ट माहीत नसते: आपलं काम कुठं संपतं आणि वायरमनचं कुठं सुरू होतं.

रेष कुठं ओढायची?

मी सांगतो तो नियम सोपा आहे. भिंतीवरच्या ज्या कामाला पेचकस लागत नाही, ते तुमचं. ज्याला पेचकस लागतो, ते वायरमनचं. बल्ब बदलणं, प्लग काढणं, एमसीबी वर करणं, टेस्ट बटन दाबणं: ही सगळी तुमची कामं. बोर्डाचा स्क्रू उघडणं, भिंतीतल्या वायरला जॉईंट मारणं, नवीन पॉईंट काढणं: ही तुमची नाहीत.

कायद्यानेही अशीच रेष ओढली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमाप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण यांची बदली सोडली, तर वायरिंगची वाढ, बदल आणि दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारानेच करायची होती. पुढं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जे सुरक्षा विनियम आणले, २०१० चे आणि आता २०२३ चे, त्यांतही हेच तत्त्व आहे. म्हणजे स्विच बदलायला कायदा अडवत नाही. पण ज्याने कधी बोर्ड उघडलेला नाही, त्याला मी म्हणेन की स्विचसुद्धा वायरमनकडूनच बदलून घ्या.

लाईट घरात येते कशी

बिघाड शोधायचा तर रस्ता माहीत पाहिजे. गावातल्या डीपीवरून लाईन खांबावर येते. खांबावरून सर्व्हिस वायर तुमच्या मीटरला. मीटरमधून मेन स्विचला, तिथून एमसीबीच्या पेटीत. पेटीतून प्रत्येक खोलीच्या बोर्डाला, आणि बोर्डातून पंख्याला, दिव्याला, सॉकेटला.

या रस्त्यावर मीटर हा तुमच्या आणि महावितरणच्या मधला बांध समजा. डीपी, खांब, सर्व्हिस वायर, मीटर इथल्या बिघाडासाठी महावितरणला कळवायचं. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं. मीटरचं सील तोडायचं नाही. खांबावर गावातल्या कोणत्याही हुशार पोराला चढवायचं नाही. महावितरणचा टोल फ्री नंबर १९१२ आहे, तो आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. तक्रार दिली की तक्रार क्रमांक लिहून घ्या.

घरातल्या सिंगल फेज लाईनचं व्होल्टेज २३० असतं. दोन तारा काम करतात: फेज आणि न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची. नेहमीच्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असते. पण जुन्या घरांत जी वायर हाताशी होती ती ओढलेली असते. म्हणून नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका.

पाच मिनिटांची तपासणी

लाईट गेली की आधी पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, हातात टॉर्च. ओल्या फरशीवर उभं राहून पेटीला हात लावायचा नाही. मग पुढच्या क्रमाने जा.

१. शेजारी लाईट आहे का? आख्खी गल्ली अंधारात असेल तर बिघाड तुमचा नाही. १९१२ ला फोन करा आणि फ्रीज, टीव्ही, कॉम्प्युटरचे प्लग काढून ठेवा. लाईट परत येताना व्होल्टेज वर-खाली झालं तर वस्तू वाचतात.

२. शेजारी आहे, तुमच्याकडे अजिबात नाही? पेटी बघा. मेन एमसीबी किंवा आरसीसीबी पडला आहे का? काहीच पडलेलं नसेल तर मीटरचा डिस्प्ले बघा, हात न लावता. डिस्प्ले बंद असेल तर लाईन मीटरपर्यंतच येत नसावी. १९१२. डिस्प्ले चालू आहे आणि घर बंद आहे, तर बिघाड बहुतेक मीटरच्या पुढं आहे. वायरमन.

३. एकाच खोलीची किंवा एकाच बाजूची लाईट गेली? तिचा एमसीबी पडलेला असेल. त्या बाजूचे सगळे प्लग काढा, सगळे स्विच बंद करा. आता एमसीबीचं बटन आधी पूर्ण खाली दाबा आणि मग वर करा. पुष्कळ जण अर्धवट पडलेलं बटन तसंच वर ढकलतात, म्हणून ते टिकत नाही.

बटन वर राहिलं तर एक-एक वस्तू लावत जा. जी लावल्यावर एमसीबी पडतो ती वस्तू खराब. तिला बाजूला ठेवा, घर चालू ठेवा. सगळं काढूनही एमसीबी पडतो? मग बिघाड वायरिंगमध्ये आहे. तिसऱ्यांदा बटन वर करू नका. भिंतीत दोन तारा चिकटल्या असतील तर दर वेळी तिथं ठिणगी पडते.

४. आरसीसीबी पडला? हे टेस्ट बटन असलेलं रुंद यंत्र असतं. ते लोडमुळे नाही, करंट गळतोय म्हणून पडतं. सगळे एमसीबी खाली करा, सगळे प्लग उपटून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरत नाही. कारण सिंगल पोल एमसीबी आणि स्विच फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि गळती न्यूट्रलमधूनही होते. मग आरसीसीबी वर करा, नंतर एक-एक एमसीबी, नंतर एक-एक प्लग. चोर सापडतो.

५. एकच दिवा किंवा एकच सॉकेट बंद? स्विच बंद करून बल्ब बदलून बघा. मोबाईलचा चार्जर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. वस्तू दुसरीकडे चालते आणि इथं चालत नाही, म्हणजे पॉईंट खराब. इथं तुमचं काम संपलं.

एमसीबी पडायला किती वेळ लागतो तेही बघा आणि वायरमनला सांगा. बटन वर करताच ताडकन पडला तर शॉर्ट. दहा-वीस मिनिटं चालून पडला तर लोड जास्त. ही एवढी माहिती दिली तर वायरमनचा अर्धा तास वाचतो आणि तुमची मजुरी.

ज्यांच्याकडे अजून जुना फ्यूज आहे

खेड्यातल्या बऱ्याच घरांत चिनी मातीचा किटकॅट फ्यूजच आहे. फ्यूज उडाला की आधी मेन स्विच बंद करायचा, मगच ग्रीप ओढायची. त्यात फ्यूजची तारच घालायची, त्या लाईनला लागेल तेवढ्याच जाडीची. वायरमधली तांब्याची तार पिळून घालणं म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणं. फ्यूज उडत नाही म्हणून आपण खूश, आणि तिकडं भिंतीत वायर तापत असते. मेन स्विच बंद करून लाईन खरंच बंद झाली की नाही हे सांगता येत नसेल, तर फ्यूजलाही हात लावू नका. शक्य असेल तेव्हा वायरमनकडून एमसीबी आणि आरसीसीबी बसवून घ्या.

लोडचं गणित: आपल्या धंद्याचं गणित

एमसीबी वारंवार पडायला लागला की गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "भाऊ, सोळाचा पडतो, बत्तीसचा द्या." हा सगळ्यात महागडा सौदा आहे. एमसीबी तुमच्या फ्रीजचा राखणदार नाही, तो भिंतीतल्या वायरचा राखणदार आहे. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर आता एमसीबीच्या आधी वायर जळेल.

गणित सोपं आहे. वस्तूवर लिहिलेले वॅट भागिले २३० म्हणजे साधारण अँपिअर.

- इस्त्री १००० वॅट: ४.३ अँपिअर
- पाणी तापवायची रॉड १५०० वॅट: ६.५ अँपिअर
- इंडक्शन शेगडी २००० वॅट: ८.७ अँपिअर
- गिझर ३००० वॅट: १३ अँपिअर
- कूलर २०० वॅटच्या आसपास: १ अँपिअरच्या आत

घरघंटीची मोटर एक एचपीची असेल तर ७४६ वॅट हे तिचं काम झालं. मोटरमधली घट धरून ती लाईनवरून साधारण १००० वॅट ओढते. शिवाय कोणतीही मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. म्हणून गिरणी चालू होताना दिवा क्षणभर मंद होतो. तेवढं चालतं. मंदच राहिला तर चालत नाही.

आता बघा. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. त्यात १५०० वॅटची रॉड लावली तर पहिल्याच दिवशी मर्यादा ओलांडली. मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, म्हणजे ३६८० वॅट. रॉड, इस्त्री, शेगडी, गिझर, घरघंटी यांची जागा मोठ्या सॉकेटमध्येच. एक्स्टेंशन बोर्डावर मोबाईल, लॅपटॉप, टेबल फॅन ठीक. त्यावर इस्त्री आणि शेगडी एकत्र लावली की ५.३ किंवा ६ नाही, थेट १३ अँपिअर होतात आणि ती बारीक वायर तापते.

वायरच्या जाडीचंही समजून घ्या. गावाकडं वायर अजून "तीन-बावीस", "तीन-वीस", "सात-वीस" अशी मागतात. पहिला आकडा म्हणजे आतल्या तारांची संख्या, दुसरा म्हणजे तारेचा गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. हिशोब केला तर ३/२२ साधारण १.२ चौरस मिलिमीटर, ३/२० जवळपास २ आणि ७/२० साधारण ४.६ भरते. आजच्या मापात बोलायचं तर सर्वसाधारणपणे दिव्या-पंख्याला १ किंवा १.५, मोठ्या सॉकेटला २.५, एसी किंवा मोठ्या गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालतात. दिव्याच्या लाईनवरून ओढून घेतलेल्या पॉईंटवर घरघंटी चालवत असाल, तर हा धडा तुमच्यासाठीच आहे. घरघंटी, फ्रीजर, शिलाईच्या मोटरी वाढवल्या असतील, तर वेगळी लाईन टाकून घ्या आणि महावितरणकडं मंजूर भार वाढवायचा का, वापर कोणत्या प्रकारात बसतो, हेही विचारून घ्या. हा धंद्याचा खर्च आहे, तो धंद्याच्या वहीत लिहा.

ही लक्षणं दिसली तर मेन बंद करा आणि फोन उचला

इथं तपासणी करत बसायचं नाही.

- बोर्ड किंवा प्लग हाताला गरम लागतो, प्लॅस्टिक पिवळं-काळं पडलंय.
- जळक्या वासाचा उगम सापडत नाही.
- बोर्डातून चर्र आवाज येतो, आत ठिणगी दिसते.
- नळाला, फ्रीजला, कूलरला, ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात.
- पावसाचं पाणी भिंतीतून बोर्डात उतरतंय.
- उंदरांनी वायर कुरतडली आहे.
- एक दिवा एकदम प्रखर आणि दुसरा मंद होतोय.

शेवटचं लक्षण नीट समजून घ्या, कारण ते पुष्कळांना कळत नाही. डीपीवरून गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल येते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली, तर काही घरांत व्होल्टेज खूप वाढतं आणि काही घरांत खूप कमी होतं. बल्ब प्रखर झाला, पंखा जोरात फिरायला लागला, की "आज लाईट चांगली आहे" म्हणू नका. ताबडतोब मेन बंद करा, शेजाऱ्यांना हाक मारून त्यांचंही बंद करायला सांगा आणि १९१२ ला कळवा. नाहीतर टीव्ही, फ्रीज, चार्जर एकदम जातात.

न्यूट्रल तुमच्याच घरात तुटली तर वेगळी खूण दिसते. टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि वस्तू मात्र चालत नाही. लोक म्हणतात "डबल फेज आला". बऱ्याचदा तसं नसतं. चालू ठेवलेल्या एखाद्या दिव्या-पंख्यातून फेज न्यूट्रलच्या तारेपर्यंत आलेली असते आणि पुढं जायला रस्ता नसतो. अशा वेळी काळी तारही जीवघेणी असते. म्हणून टेस्टर नाही पेटला म्हणजे सुरक्षित, असं कधीच समजू नका. टेस्टर सेलसारखा बिघडतो, उजेडात दिसत नाही आणि न्यूट्रल आहे की नाही हे सांगत नाही.

आणखी एक. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही घरातल्या काही तारांत २३० व्होल्ट असतात. वायरमन आला की पहिलं वाक्य हेच सांगा: "आमच्याकडं इन्व्हर्टर आहे." आणि तोही बंद करून द्या.

कूलर, टिनपत्रे आणि कपड्यांची तार

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे कूलरचे महिने. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडं तर कूलरशिवाय झोप नाही. मघाच्या यादीत कूलर सगळ्यात कमी करंट घेणारा होता. तरी तोच जास्त धोक्याचा. लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, आणि चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणारी लेकरं.

इथं एक गैरसमज मोडायचा आहे. "आमच्याकडं एमसीबी आहे, काही होत नाही." १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाचा जीव जायला त्याच्या शेकडो पटींनी कमी करंट पुरतो. माणसाला वाचवणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे ०.०३ अँपिअर. १६ भागिले ०.०३ करा: पाचशे पटींपेक्षा जास्त फरक. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. तुमच्या पेटीत आरसीसीबी नसेल, तर या वर्षीची पहिली खरेदी तीच. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलंय का ते बघून घ्या. १०० किंवा ३०० चे असतात ते आगीपासून बचावासाठी, अंगाला करंट लागण्यापासून वाचवायला नाहीत. बसवल्यावर महिन्यातून एकदा टेस्ट बटन दाबायचं. पडला पाहिजे. पडला नाही तर बदलायचा.

कूलरचे नियम भिंतीवर लिहून ठेवा. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा. प्लग तीन पिनांचाच. तिसरी पिन मोठी आणि लांब असते ती उगीच नाही: प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं म्हणून. ती पिन तोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून कूलर चालवणं म्हणजे सुरक्षाच काढून टाकणं. रॉडचंही तसंच: स्विच बंद, प्लग बाहेर, मगच बादलीत हात.

आता अर्थिंग. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. माती सुकली की अर्थिंगचा जमिनीशी संबंध कमी होतो, आणि नेमकं तेव्हाच कूलर चालू असतात. अर्थिंगचा खड्डा कुठं आहे ते शोधा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. दर वर्षी वायरमनकडून त्याचं माप घेऊन घ्या. खड्डा सापडलाच नाही तर बहुतेक अर्थिंग नाहीच, आणि तुमच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे.

टिनपत्र्याचं घर किंवा गोठा असेल तर सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासत नाही ना, ते बघा. वाऱ्याने घासून वरचं कव्हर गेलं की सगळा पत्रा जिवंत होतो. त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते, आणि ओले कपडे टाकायला घरची बाई जाते. यावर उपाय फुकट आहे: तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा, आणि ती खांबाला किंवा मीटरच्या पाईपला बांधू नका. वायर घासत असेल तर स्वतः शिडी लावू नका, महावितरणला कळवा.

वायरमन निवडायचा कसा

आपण गिरणीचा दगड घेताना चार ठिकाणी विचारतो, पण वायरमन निवडताना "कोण मोकळा आहे?" एवढंच विचारतो. त्याऐवजी हे विचारा.

- शिक्षण आणि परवाना आहे का? आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन ट्रेड आहेत. वायरमनचा परवाना आणि ठेकेदाराचा परवाना शासनाकडून वेगवेगळे मिळतात. नवीन कनेक्शन किंवा भारवाढीसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराचाच लागतो.
- बिघाड काय आहे आणि तुम्ही काय करणार? दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. "बघू उघडून" हे पहिल्या पाच मिनिटांत ठीक, नंतर नाही.
- किंमत कशी? मजुरी वेगळी, सामान वेगळं, कागदावर. वायरची जाडी, एमसीबीचा अँपिअर आणि कंपनी लिहून घ्या. आयएसआय मार्क नसलेलं सामान नको. सामान तुम्ही आणणार असाल तर पक्कं बिल घ्या.
- काम झाल्यावर तपासून दाखवणार का? मेगर नावाच्या यंत्राने वायरिंगचं इन्सुलेशन मोजतात. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टवर कमीत कमी १ मेगाओहम आलं पाहिजे. नवीन वायरिंग असेल तर हे माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा. दुरुस्त केलेल्या लाईनवर अर्धा तास नेहमीचा लोड चालवा आणि बोर्ड बाहेरून गरम होतो का बघा. कोणता एमसीबी कशाचा आहे ते लिहून घ्या. "एमसीबी मोठा टाकून देतो, अर्थिंग न्यूट्रललाच जोडून देतो" असं कोणी म्हणालं, तर चहा पाजा आणि निरोप द्या. सॉकेटमध्ये अर्थिंग न्यूट्रलला जोडली आणि न्यूट्रल तुटली, की तुमच्या कूलरच्या बॉडीत फेज येते.

आणि चांगला वायरमन मिळाला तर त्याच्याशी घासाघीस करत बसू नका. त्याची मजुरी म्हणजे नुसता एक तास नाही. फ्रीजरमधला माल, बंद गिरणीचा दिवस आणि घरातली माणसं, एवढं सगळं त्यात आलं. आपल्यात जे वायरमन हा धडा वाचतायत त्यांनीही ध्यानात घ्या: काय केलं हे गिऱ्हाईकाला समजावून सांगणारा, कागदावर लिहून देणारा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जातो.

करंट लागलाच तर

माणूस चिकटलेला दिसला की धावत जाऊन हात धरू नका. आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरडं लाकूड, प्लॅस्टिकची खुर्ची किंवा पीव्हीसी पाईपने त्याला लाईनपासून सोडवा, स्वतः कोरड्या जागेवर उभं राहून. बाहेरची खांबावरची तार पडली असेल तर काठीनेही जवळ जाऊ नका, लांब थांबा, लोकांना थांबवा आणि १९१२ ला कळवा. माणूस सुटला की १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि वेगाने दाबत राहा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्या. हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो. जमिनीत पुरणं, माती चोळणं यात वेळ घालवू नका. बोर्डाला आग लागली तर पाणी नाही: मेन बंद, कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक, आणि ११२ ला फोन.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एमसीबीच्या पेटीवर चिकटपट्ट्या लावा: "पुढची खोली", "स्वयंपाकघर", "घरघंटी". दिवसा, घरातल्या एकाने बटन खाली करायचं आणि दुसऱ्याने काय बंद झालं ते ओरडून सांगायचं. दहा मिनिटांचं काम.

२. घरातल्या आणि दुकानातल्या सगळ्या मोठ्या वस्तूंचे वॅट एका कागदावर लिहा, २३० ने भागा, कोणती वस्तू कोणत्या सॉकेटवर आहे ते लिहा. ६ च्या सॉकेटवर ६ पेक्षा जास्त ओढणारी वस्तू दिसली की आजच हलवा.

३. आरसीसीबी आहे का बघा. असेल तर टेस्ट बटन दाबा. नसेल तर वायरमनकडून अंदाज मागवा.

४. अर्थिंगचा खड्डा शोधा.

५. पेटीच्या झाकणाच्या आतून १९१२, १०८, ११२ आणि तुमच्या वायरमनचा नंबर लिहा. मेन स्विच कसा बंद करायचा हे आजीपासून सहावीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना एकदा करून दाखवा. तुम्ही बाजाराला गेलेले असताना घरी तेच असतात.

पुढच्या धड्यात घरघंटी आणि फ्रीजरचा महिन्याचा युनिटचा हिशोब बघू: एका किलो दळणात विजेचे किती पैसे जातात आणि दर ठरवताना ते कसे धरायचे. त्यासाठी हा वॅटचा कागद लागणार आहे, जपून ठेवा.